करंगळीची दोन बटणं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नागपूरच्या सदर भागात पहिल्या मजल्यावर माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. खाली चष्म्याचं दुकान आहे आणि त्या दुकानदाराला माझा आवाज गिऱ्हाइकांना समजावून सांगावा लागतो. "काही नाही, मॅडम शिकवून राहिल्या," असं म्हणून तो पुढचा नंबर डोळ्याला लावतो. तीस वर्षांत त्यानं माझ्याकडे एकदाही तक्रार केली नाही, हा त्याचा मोठेपणा.

सुरुवात केली तेव्हा टाइपरायटर होते. त्या यंत्रांचं एक बरं होतं. जे बटण दाबाल त्याचाच खिळा उठायचा आणि तेच अक्षर कागदावर आपटायचं. चूक झाली तर ती तुमच्या बोटाची, दुसऱ्या कोणाची नाही. मग कॉम्प्युटर आले आणि बोट आणि अक्षर यांच्या मध्ये कोणीतरी येऊन बसलं. ते मध्ये बसलेलं काय असतं हे शिकायला मला पन्नाशी गाठावी लागली, तेही कोणी शिकवलं म्हणून नव्हे. दर वेळी दुरुस्तीवाल्याची दोन-दोन दिवस वाट पाहून जीव विटला, म्हणून शिकले.

मराठी टायपिंगचे जुने प्रोग्राम फार चिवट. एक काढून दुसरा टाकायला जावं तर नवा म्हणतो, मी आधीपासूनच इथे आहे. अहो, कुठे आहेस? आत्ताच तर काढला! पण तसं नसतं. भाडेकरू घर सोडून गेला तरी भिंतीतले त्याचे खिळे राहतात, तसं प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत राहतात. रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरची स्वतःची नोंदवही. कोणतं बटण दाबलं की काय करायचं, कोणता फॉन्ट कुठे ठेवलाय, सगळं त्यात लिहिलेलं असतं. पहिल्यांदा मी त्या नोंदवहीत शिरले ती रागातच. एका हट्टी प्रोग्रामचं नाव दिसेल तिथून पुसत सुटले आणि त्या भरात नको ती एक अख्खी फांदी उडवली. ते मशीन पुन्हा सुरू झालंच नाही. त्या दिवशी माझ्या टेबलावरच्या भिंतीवर मी मार्करनं लिहिलं, "आधी एक्स्पोर्ट, मग डिलीट." म्हणजे जे पुसायचं त्याची आधी एक प्रत काढून ठेवायची. तेव्हापासून दरवर्षी उन्हाळी परीक्षेच्या आधी माझ्या बाराही मशीन मी स्वतः साफ करते. माझ्या या कामाचा मला थोडा गर्वच होता.

जिची ही गोष्ट, ती माझ्याकडे आली दिवाळीनंतर. चाळिशीला टेकलेली, ऑफिसातून थेट यायची, खांद्याला डब्याची पिशवी. नवरा सरकारी कार्यालयात लिपिक होता. एका सकाळी ऑफिसला जायला म्हणून पायात बूट घालता घालता गेला. त्याच्या जागी हिला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली होती, पण अट होती. दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी जाईल. ती आधी दुसरीकडे शिकून दोनदा नापास झाली होती आणि मुदतीत आता एकच परीक्षा बसत होती, मे महिन्यातली. घरात ती आणि सासू. दुसरं कमावणारं कोणी नाही.

आठवड्यातून दोन दिवस ती क्लासला यायची आणि रोज घरी दोन तास सराव करायची, असं ती म्हणायची. मला ते खोटं वाटायचं, कारण तिचा कागद पाहिला की माझं डोकं फिरायचं. सावकाश टाईप केलं की सगळं बरोबर. घड्याळ लावलं, वेग वाढला, की बाईच्या बोटांत काहीतरी संचारायचं. एकदा उतारा होता गावात वाचनालय उघडण्याबद्दल. हिच्या कागदावर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'वाइनालअ'. गावानं ठराव करून वाइनालअ मंजूर केलं होतं. अख्खा क्लास हसला. तीही हसली, आणि मग तिचा चेहरा उतरला.

"घरी टीव्हीसमोर बसून सराव करते काय वं?" मी म्हटलं. "आणि ही करंगळी काय नुसती दाखवायले ठेवली? हवेत काहून लोंबकळून राहिली ती?"

तिनं कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि दुसरा उतारा काढला. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मार्च संपत आला तेव्हा मी सगळ्यांचे जुने कागद घेऊन बसले होते, लाल पेन हातात. तिचे वीस-बावीस कागद एका ओळीत मांडले आणि माझं पेन थांबलं. चुका ढीगभर होत्या, पण दोनच प्रकारच्या. च च्या जागी इ आणि य च्या जागी अ. उलटही तसंच, इ च्या जागी च, अ च्या जागी य. बाकी काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळं चोख. गबाळं माणूस इतकं इमानेइतबारे चुकत नाही. गबाळं माणूस कुठेही चुकतं. मी उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले. च आणि य ही दोन्ही उजव्या करंगळीची बटणं. तिची करंगळी वर, आणि डावी तर्जनी जाते इ आणि अ कडे.

"तुले कोणी शिकवलं असं?"

"घरी असंच येते, मॅडम," ती खाली मान घालून म्हणाली.

"घरी काय येते?"

"घरच्या कॉम्प्युटरवर च या बटणावर नाही येत. तिकडच्यावर येते. मले वाटलं कीबोर्ड जुना आहे, बटणं खराब झाली असतीन."

"अगं, मग इतके महिने सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही ओरडता ना."

क्लासमध्ये कोणी मान वर केली नाही. मी खुर्चीवर बसले आणि मला नोव्हेंबरमधला तिचा फोन आठवला. घरी यांचे जुने प्रोग्राम आहेत मॅडम, तुमचा नवा कसा टाकू, असं तिनं विचारलं होतं. मी घाईत होते. "जुनं सगळं काढून टाक अन् नवं टाक, झालं," एवढं बोलून मी फोन ठेवला होता. काढून टाकलं म्हणजे होत नाही, मागे खिळे राहतात, हे नागपुरात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? माझ्या बारा मशीनसाठी मला ते माहीत होतं. तिच्या एका मशीनसाठी सुचलं नाही.

रविवारी सकाळी स्कूटी काढून मी तिच्या घरी गेले. लकडगंजच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, गल्लीच्या तोंडाशी लाकडाच्या वखारी. लाकूड चिरायची आरा मशीन बंद होती, तरी हवेत सागाच्या भुशाचा वास होता. सासू पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, बारीक अंगाच्या, नजर मात्र तेज. माझ्यासाठी पन्हं आलं. कॉम्प्युटर खिडकीशी, त्यावर विणलेला रुमाल.

मी मराठी प्रोग्राम उघडलाच नाही. साधं नोटपॅड उघडलं आणि इंग्रजीत ए बी सी डी टाईप केली. पडद्यावर आलं, ए पी सी डी. मराठीतला इ बीच्याच बटणावर असतो आणि च पीच्या. म्हणजे गोंधळ मराठीत नव्हताच. प्रोग्रामच्याही खाली, थेट नोंदवहीत होता. शोधत शोधत गेले आणि सापडलं. कीबोर्डच्या खात्यात स्कॅनकोड मॅप नावाची एक नोंद होती, शून्यांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. बटणांची अदलाबदल करणारा एखादा छोटा प्रोग्राम कोणीतरी कधीतरी टाकला होता आणि हिनं जुनं सगळं काढताना तोही काढला होता. प्रोग्राम गेला, त्यानं केलेली अदलाबदल जागच्या जागी राहिली.

"कोण्या शहाण्यानं ही दोनच बटणं बदलली?" मी वैतागून म्हटलं.

"माह्या पोरानं बदलली असतीन," पलंगावरून सासू म्हणाल्या. "त्याले उजवी करंगळी नव्हती ना."

मी वळून पाहिलं. त्या शांतपणे सांगत होत्या. सोळा वर्षांचा असताना पोरगा याच गल्लीत आरा मशीनवर कामाला होता, तिथे करंगळी गेली. मग रात्रशाळेत शिकला, सरकारी नोकरीला लागला. फोटो काढताना उजवा हात नेहमी खिशात.

माझी विद्यार्थिनी दारात उभी राहून ऐकत होती. "माह्या ध्यानातच नाही आलं, मॅडम," ती म्हणाली. "पंधरा वर्षं संसार केला. त्यांचं बोट नाही हे मले दिसतच नव्हतं आता. ते इथं बसून ऑफिसचं काम करायचे, तेव्हा मी मागून पाहायची. पटपट चालायचा हात."

त्यानं आपल्या नसलेल्या बोटाची कामं उरलेल्या बोटांना वाटून दिली होती. आणि ही बिचारी दहाही बोटं शाबूत असताना चार-पाच महिने त्याच्या नऊ बोटांनी सराव करत होती.

मला काम दोन मिनिटांचं दिसत होतं. मी बाण त्या नोंदीवर नेला, आणि तिनं माऊसवर हात ठेवला.

"थांबा ना, मॅडम. थोडं थांबा."

"अगं, महिना-सव्वामहिना राहिला परीक्षेले!"

"माहीत आहे मले." ती माझ्याकडे पाहत नव्हती, पडद्यावरच्या त्या ओळीकडे पाहत होती. "रेशन कार्डातून नाव काढलं. गॅसवरून काढलं. बँकेतून काढलं. मोबाईल बंद केला. जिथं तिथं मीच अर्ज केले अन् मीच सह्या केल्या. सगळीकडून मीच काढलं त्यांले. हे एक राहिलं होतं, ते मले माहीतच नव्हतं."

मला तिचं दुःख दिसत होतं आणि भिंतीवरचं कॅलेंडरही दिसत होतं. त्या नोंदीत तिचा नवरा होता हे खरं, आणि ती नोंद राहिली तर तिची नोकरी जाणार हेही तितकंच खरं. शेवटी मला माझाच नियम आठवला.

"हे पाहा, बाई," मी म्हटलं, "असं नुसतं पुसायचं नसतेच. आधी एक्स्पोर्ट करायचं. म्हणजे ही नोंद जशीच्या तशी एका फाईलमध्ये राहीन. तुझ्याजवळ. कोणी नाही काढत तिथून."

"खरंच?"

"माह्या बाराही मशीनच्या आहेत माह्याजवळ."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि खुर्चीवर बसली. फाईलला काय नाव देऊ म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, त्यांचंच द्या. नाव तिनंच टाईप केलं. मग सासूंना पाहायचं होतं काय राहिलं ते. ती फाईल उघडून दाखवली. त्या पलंगावरून उतरून आल्या, पडद्याजवळ तोंड नेऊन बराच वेळ पाहिलं.

"एवढंसंच?"

"हो आई, एवढंसंच," सून म्हणाली.

डिलीट तिनंच दाबलं. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, मी ए बी सी डी टाईप केली आणि ए बी सी डीच आली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मशीनमधली नोंद एका बटणावर गेली, बोटांमधली जाईना. आधी घरी तरी तिचा हात चालायचा. आता घरीही अडखळायला लागला. मिनिटाला बत्तीस शब्द टाईप करणारी बाई सतरावर आली, आणि पास व्हायला तीस लागतात. करंगळीला जोरच नव्हता. ती च वर नेली की शेजारचं बोट सोबत जायचं. मी तिला रोज एक पान नुसतं 'चय चय चय' करायला दिलं, फक्त करंगळीनं. टाइपरायटरच्या काळात पहिल्या आठवड्यातल्या पोरींना द्यायचे तसं. ऑफिसातून यायची, पाण्याचा एक घोट घ्यायची आणि चय चय सुरू. मी ओरडणं सोडलं असं सांगितलं तर चष्मेवाला साक्षीला येईल, म्हणून सांगत नाही. तिच्यावर मात्र ओरडले नाही.

घरी पहारा सासूंनी घेतला. त्या खुर्ची ओढून तिच्या उजव्या हाताशी बसायच्या, हातात चमचा. करंगळी हवेत उठली की चमचा टेबलावर वाजायचा.

"मले वाचता नाही येत," त्या मला फोनवर म्हणाल्या, "पण बोट तं दिसते ना. आज सात वेळा उचलली तिनं. काल अकरा होती."

या म्हातारीनं एका करंगळीचं काय झालं ते पाहिलं होतं. दुसरीवर ती अशी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होती.

तिसऱ्या आठवड्यात ती क्लासच्या जिन्यातच बसलेली सापडली. वेग एकवीसच्या वर जात नव्हता. "ते परत टाकता येते ना, मॅडम?" तिनं विचारलं. "फाईल आहे माह्याजवळ. ते टाकलं तं मले येते. परीक्षेच्या मशीनमध्ये तुम्ही सांगून..."

"परीक्षेचं मशीन आपलं नाही," मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. बाजूनं लोक चढत-उतरत होते. "अन् ते त्याच्या हाताचं आहे. तुझ्या हातात दहा बोटं आहेत. तुले त्याची सवय मोडायची नाही, तुझी लावायची आहे. एवढाच फरक."

मी फार शहाणपणाचं बोलले असं नाही. पण ती उठली आणि आत जाऊन बसली. त्या दिवशी बावीस झाले.

मग काय झालं मला नीट सांगता येत नाही. बोटांचं असंच असतं. पंचवीस, पंचवीस, पुन्हा चोवीस, आणि एका गुरुवारी एकदम एकतीस. मी घड्याळ तपासलं. पुन्हा लावलं. तीस. तिचा कागद हातात घेऊन मी वाचनालय शोधलं. होतं. स्वच्छ, च सकट, य सकट.

परीक्षेच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. केंद्राच्या आत मला सोडणार नव्हते. मी बाहेर कडुनिंबाखाली स्कूटीवर बसून राहिले, नातेवाईक ऑपरेशन थिएटरबाहेर बसतात तशी. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"कसा गेला?"

"माहीत नाही, मॅडम." तिनं उजवा हात माझ्यापुढे धरला. करंगळी लाल झाली होती. "दुखून राहिली हे. लय दुखून राहिली."

मी तिचा हात धरला आणि भर रस्त्यात रडले. तिला समजेना काय झालं ते. मला मात्र कळलं होतं की आता निकालाची काळजी नाही.

निकाल लागला, ती पास झाली. प्रमाणपत्र ऑफिसात जमा केलं. नोकरी कायम ठेवल्याचं पत्र हातात पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती इन्स्टिट्यूटचा जिना चढून आली. क्लास नुकताच उघडला होता, मी कूलरमध्ये पाणी भरत होते. तिनं पत्र माझ्या ओल्या हातात दिलं. वरच्या ओळीत तिचं नाव होतं, पूर्ण, ठळक अक्षरात. मी वाचलं आणि परत केलं, पण ती निघेना.

"दोन वर्षं मी त्यांच्या नोकरीवर जाऊन राहिली होती, मॅडम," ती म्हणाली. "लोकही तसंच म्हणायचे, मीही तसंच म्हणायची. आज माह्या नोकरीवर चालली."

"मग निघ ना वं," मी म्हटलं. "साडेनऊ होऊन राहिले, उशीर होईन."